वाढत्या हाडाची खबर



आमच्या डॉक्टर सरांनी उभी हयात या गावातली मुलं तपासण्यात घालवली. त्यांच्या दवाखान्यात ताप असो की खोकला, मूल आधी भिंतीशी उभं राहायचं. टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर लाकडी पट्टी. उंची कार्डावर उतरली की मगच स्टेथोस्कोप कानात जायचा. आज ज्या विषयावर बोलायचं ठरवलं आहे, त्याचा बराचसा भाग या एका सवयीत सामावलेला आहे. विषय आहे टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या हाडांचा, आणि त्या हाडांत काय चाललं आहे हे रक्ताच्या तपासणीतून कितपत कळतं याचा. मी प्रयोगशाळेत काम करणारी आहे, त्यामुळे बोलणं तिथल्या नजरेतून होईल.

आजोबांना साठीत होणारा मधुमेह आणि सहाव्या वर्षी पोराला होणारा मधुमेह हे दोन वेगळे आजार आहेत. पोराच्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी त्याचीच प्रतिकारशक्ती नष्ट करते आणि इन्सुलिन बनणं थांबतं. त्यात आईनं केलेल्या लाडवांचा काही दोष नाही. तरी आया वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसतात, म्हणून हे प्रत्येक व्यासपीठावरून सांगावं लागतं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार भारतात अशी वीस वर्षांखालची मुलं सव्वादोन लाखांहून जास्त आहेत. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली. त्याआधी हा आजार म्हणजे मुलासाठी वर्ष-दोन वर्षांची मुदत होती. मुलं जगू लागली, आणि जगू लागली म्हणूनच त्यांच्या वाढीतली उणीव दिसू लागली. पहिल्या सुईनंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९२७ साली, मॉरिसन आणि बोगन या दोघांनी मधुमेही मुलांच्या हाडांचे एक्स-रे पाहून लिहिलं की ज्यांना हा आजार होऊन बरीच वर्षं झाली आहेत त्यांच्या हाडांचा विकास मागे पडला आहे. १९३० साली फ्रान्समधल्या बोर्दोचे डॉक्टर पिएर मोरियाक यांनी खुंटलेली उंची, मोठं झालेलं यकृत आणि लांबलेलं वयात येणं असं एकत्र चित्र मांडलं. म्हणजे हाडाचा प्रश्न इन्सुलिनइतकाच जुना आहे. पण पुढची कित्येक दशकं सगळं लक्ष डोळ्यांच्या पडद्याकडे, मूत्रपिंडाकडे आणि पायांच्या नसांकडे गेलं. तेही स्वाभाविक होतं, कारण डोळा गेला की लगेच कळतं. हाड मात्र मोडेपर्यंत तक्रार करत नाही.

मोडण्याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा होता. डेन्मार्कचे पीटर वेस्टरगार्ड यांनी २००७ साली तोवरचे अभ्यास एकत्र करून तो मांडला. टाइप वन मधुमेह असलेल्या माणसांच्या हाडांची घनता थोडी कमी होती. तेवढ्या कमी घनतेवरून खुब्याचं हाड मोडण्याचा धोका इतरांच्या १.४२ पट निघायला हवा होता. प्रत्यक्षात तो ६.९४ पट निघाला. या दोन आकड्यांमधल्या अंतरापाशी मी आजही थांबते. घनता मोजणारं यंत्र जे सांगतं त्याच्या पलीकडे हाडात काहीतरी बिघडलेलं आहे, आणि ते यंत्राला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

हे सगळं म्हातारपणी घडतं, मग मुलांचं काय, असं कुणी विचारेल. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून २०१५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टाइप वनचे तीस हजारांवर रुग्ण होते आणि तुलनेला तीन लाखांवर इतर माणसं. वीस वर्षांखालच्या मुलग्यांत फ्रॅक्चरचा धोका १४ टक्क्यांनी जास्त होता, मुलींमध्ये ३५ टक्क्यांनी. पुढे मध्यम वयात आणि उतारवयात तो दुपटीच्या आसपास गेला. सुरुवात लहानपणीच होते, हे या नोंदी सांगतात.

लहानपण इतकं महत्त्वाचं का, याचं उत्तर कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मिळालं. डोनाल्ड बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी मुलांना वर्षानुवर्षं दर काही महिन्यांनी मोजलं. उंची सर्वांत वेगानं वाढते त्या काळाच्या आसपासच्या केवळ दोन वर्षांत माणूस प्रौढपणीच्या एकूण अस्थिखनिजाचा सुमारे चौथा हिस्सा जमा करतो, असं त्यांना दिसलं. मुलींमध्ये हा काळ साधारण अकरा-बारा वर्षांना येतो, मुलग्यांमध्ये तेरा-चौदाला. टाइप वन मधुमेहही बऱ्याच मुलांत नेमका याच वयाच्या आसपास उघडकीला येतो.

आता प्रयोगशाळेत चला. हाड हा जिवंत अवयव आहे. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी त्या जागी नवं भरतात. कुरतडणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरायला तीन-चार महिने लागतात. प्रौढ माणसात हेच चक्र चालू असतं. मुलात याच्या जोडीला एक दुसरंच काम चालू असतं: हाड लांब होत असतं, रुंद होत असतं, आपला आकार बदलत असतं.

एखाद्या कंपाउंडच्या आत बांधकाम चालू आहे आणि आपल्याला आत जाता येत नाही, असं समजा. फाटकाशी उभं राहून राडारोड्याचे किती ट्रक बाहेर पडले आणि किती रेती-सिमेंट आत गेलं हे मोजलं, तर आतल्या कामाचा अंदाज येतो. रक्तातले अस्थिमार्कर हा असाच फाटकावरचा हिशेब आहे. पाडकाम किती आणि बांधकाम किती एवढं तो सांगतो. कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीला, हे सांगत नाही.

बांधकामाची खूण म्हणून सर्वांत जुना मार्कर अल्कलाइन फॉस्फटेज. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ साली हाडाच्या घडणीतला त्याचा वाटा दाखवला. मग सत्तरच्या दशकात ऑस्टिओकॅल्सिन सापडलं; हे प्रथिन ऑस्टिओब्लास्ट बनवतात. हाडाचा सेंद्रिय भाग मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. कोलॅजेन विणलं जाताना त्याच्या टोकांचे तुकडे कापले जाऊन रक्तात येतात, त्यातला एक पी-वन-एन-पी. फिनलंडमधल्या ओउलूच्या शास्त्रज्ञांनी त्याची तपासणी घडवली. उलट बाजूला, जुनं कोलॅजेन कुरतडलं जाताना जो तुकडा निघतो तो सीटीएक्स. सीटीएक्स येण्यापूर्वी लघवीतलं हायड्रॉक्सिप्रोलिन मोजायचे. त्यासाठी रुग्णाला आधी मांस आणि जिलेटिन बंद करून चोवीस तासांची लघवी बाटलीत साठवावी लागे. लहान मुलाकडून ते करून घेणं किती अवघड, हे इथल्या आयांना सांगायला नको. २०११ साली जागतिक संघटनांनी पी-वन-एन-पी आणि सीटीएक्स हे दोन संदर्भ मार्कर म्हणून ठरवले, त्यानंतर ठिकठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणं जरा सोपं झालं.

पण हे आकडे नाजूक असतात, आणि इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे. सीटीएक्स पहाटे सर्वांत वर असतं आणि खाल्लं की खाली येतं. दुपारी शाळेतून आलेल्या, डबा खाल्लेल्या मुलाचं रक्त घेतलं तर आकडा खोटाच कमी येणार. म्हणून सकाळी, उपाशी. मधुमेही मुलाला उपाशी ठेवणं म्हणजे रात्रीच्या इन्सुलिनचा आधी विचार करणं, शुगर खाली गेली तर काय करायचं हे ठरवून ठेवणं आणि तपासणी झाल्या झाल्या खायला मिळेल याची सोय करणं. ऑस्टिओकॅल्सिनचं आणखी वेगळं. ते नळीत साध्या तापमानाला काही तासांत तुटायला लागतं, आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर आणखी लवकर. नमुना बर्फात ठेवायचा, लवकर सेंट्रिफ्यूज करायचा, प्लाझ्मा वेगळा काढून गोठवायचा. तालुक्याच्या गावात सकाळी आठला घेतलेली नळी मोटारसायकलच्या डिकीतून दुपारी शहरातल्या लॅबला पोहोचली, तर तिच्यातल्या ऑस्टिओकॅल्सिनच्या आकड्यावर काहीच बोलता येत नाही. रिपोर्टवर मात्र दशांशासकट छान आकडा छापून येतो.

रिपोर्टवरच्या दुसऱ्या एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. प्रौढ माणसाचं अल्कलाइन फॉस्फटेज साधारण ४० ते १३० युनिट असतं. भराभर वाढणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाचं चारशेच्या घरात असू शकतं आणि ते अगदी योग्य असतं, कारण त्याच्या हाडांत बांधकाम जोरात चाललेलं असतं. पण कित्येक लॅबच्या रिपोर्टवर मुलाच्या आकड्यापुढे मोठ्यांची मर्यादा छापलेली असते आणि आकडा ठळक करून वर बाण काढलेला असतो. आई-वडील तो बाण पाहून घाबरतात, मग यकृताची सोनोग्राफी, मग आणखी रक्त. पी-वन-एन-पी, ऑस्टिओकॅल्सिन, सीटीएक्स या सगळ्यांची हीच गत. मुलांत ते मोठ्यांच्या कित्येक पट असतात, वयात येताना आणखी चढतात, उंची थांबली की उतरतात. उलटही घडतं, आणि ते जास्त घातक आहे. तेरा वर्षांच्या मुलाचा आकडा मोठ्यांच्या मर्यादेत अगदी बरोबर बसला, तर रिपोर्टवर बाण येत नाही, सगळे निर्धास्त होतात. आणि खरं तर त्या वयाला तो आकडा खूपच कमी असतो.

मधुमेही मुलांत नेमकं असंच कमी सापडतं. जिनिव्हामधल्या बालरोग विभागातल्या अल्बेन माज्जो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१०चं काम मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. त्यांनी शुगर चांगली आटोक्यात असलेली मुलं घेतली, निरोगी मुलांशी त्यांची तुलना केली. यंत्रावर हाडांची घनता दोन्हीकडे सारखी. एखाद्यानं तिथेच फाइल मिटली असती. पण रक्तात ऑस्टिओकॅल्सिन कमी, पी-वन-एन-पी कमी, आणि सीटीएक्ससुद्धा कमी. बांधकाम मंद आणि पाडकामही मंद. हाडाची सगळी उलाढालच मंदावलेली. नंतर जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा मधुमेहात ऑस्टिओकॅल्सिन आणि सीटीएक्स खाली असण्याकडेच कल दिसला. काही अभ्यासांत सीटीएक्स सामान्य किंवा चढलेलंही आढळलं आहे. त्यात नवल नाही. एकाच गटात आठ वर्षांची मुलगी आणि पंधरा वर्षांचा मुलगा ठेवला, कुणाचं रक्त सकाळी आणि कुणाचं दुपारी घेतलं, तर असं होणारच. ऑस्टिओकॅल्सिन कमी असण्याबद्दल मात्र बऱ्यापैकी एकवाक्यता आहे.

मंदावण्याची कारणं बरीच आहेत. ऑस्टिओब्लास्टवर इन्सुलिनचे ग्राहक असतात, म्हणजे या पेशी इन्सुलिनच्या इशाऱ्यावर काम करतात. निदानाच्या वेळी, जेव्हा मूल वाळलेलं असतं आणि रक्तात कीटोन असतात, तेव्हा बांधकामाचे मार्कर फार खाली असतात आणि इन्सुलिन सुरू झाल्यावर वर येतात, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. पण पूर्वीच्या जागी नेहमीच येतात असं नाही, आणि याचं एक कारण सुई कुठे टोचतो यात आहे. निरोगी माणसाचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं ते आधी यकृताकडे जातं. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचलेलं इन्सुलिन सगळ्या अंगात पसरून मग यकृताला पोहोचतं, तोवर ते पातळ झालेलं असतं. यकृतात इन्सुलिन कमी पडलं की आयजीएफ-वन हा वाढीचा दूत कमी बनतो. उंची आणि हाडाची जाडी या दोन्हींना त्याची गरज असते. त्यात शुगर वाढलेली राहिली की ती कोलॅजेनला चिकटते आणि त्याच्या धाग्यांमध्ये नको तिथे गाठी बसवते. अशा गाठींचं हाड कडक पण ठिसूळ होतं. तांबडी पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगते, म्हणून तिच्यावर चिकटलेल्या साखरेवरून आपण तीन महिन्यांची शुगर काढतो. हाडातलं कोलॅजेन वर्षानुवर्षं टिकतं. उलाढाल मंदावली की ते आणखी जास्त टिकतं, आणि त्याला साखर चिकटत राहते. वेस्टरगार्ड यांच्या दोन आकड्यांमधल्या अंतराचा मोठा भाग इथे असावा असं मला वाटतं: हाड आहे तेवढंच आहे, पण जुनं झालेलं आहे, आणि त्याच्या बारीक भेगा वेळेवर बुजलेल्या नाहीत.

यातून एक गोष्ट निघते, ती डॉक्टर मंडळींनी आणि घरच्यांनी दोघांनीही लक्षात ठेवावी. आजीला पाळी गेल्यानंतर जो ऑस्टिओपोरोसिस होतो त्यात पाडकाम वाढलेलं असतं, म्हणून तिला पाडकाम थांबवणारी औषधं देतात आणि ती उपयोगी पडतात. मधुमेही नातवाच्या हाडात पाडकाम आधीच मंद आहे. त्याला निव्वळ घनतेचा आकडा बघून आजीच्या गोळ्या देण्यात अर्थ नाही. ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना अशी औषधं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात, मणके दबलेल्या मुलांनाही देतात. ते निर्णय वेगळे. रक्तातल्या मार्करांनी एवढा फरक दाखवून दिला, हे त्यांचं मोठंच काम आहे.

मग प्रत्येक मधुमेही मुलाची दरवर्षी सीटीएक्स आणि पी-वन-एन-पी तपासणी करायची का? माझं स्पष्ट मत आहे, करू नये. मार्कर गटाची गोष्ट सांगतात. शंभर मुलांची शंभर निरोगी मुलांशी तुलना केली की मंदावलेली उलाढाल दिसते. एका मुलाच्या एका नळीतला आकडा त्याच्या वयावर, वयात येण्याच्या टप्प्यावर, तासावर, जेवणावर, तपासणीच्या किटवर इतका हलतो की त्यावरून त्याचं हाड मोडेल की नाही हे आजच्या घडीला सांगता येत नाही. ‘बोन प्रोफाइल’ नावाची महागडी पॅकेजं विकली जातात. इन्सुलिनच्या आणि शुगर तपासायच्या पट्ट्यांच्या खर्चानं आधीच वाकलेल्या घरावर तो बोजा टाकू नये. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली सुरू केलेल्या ड्रीम ट्रस्टसारख्या संस्था गरीब मुलांना इन्सुलिन पुरवतात, ती गरज अजून संपलेली नाही. जिथे पट्ट्या पुरत नाहीत तिथे सीटीएक्सवर पैसा जाऊ नये.

मुलाच्या हाडांची सर्वांत स्वस्त आणि खात्रीची खबर देते ती उंची. दर तीन-चार महिन्यांनी, नीट उभं करून, नोंदवून, आलेखावर टिंब काढून. मूल वर्षभरात किती वाढलं, आपल्या रेषेवरून घसरलं का, वयात येण्याच्या खुणा वेळेवर आल्या का. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५चे वाढीचे आलेख आपल्याकडे आहेत, त्यांची घडण पुण्यात डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकारानं झाली. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातल्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप वन मधुमेही मुलांच्या वाढीवर आणि हाडांवर बरीच वर्षं काम केलं आहे. ही मुलं बरोबरीच्या निरोगी मुलांपेक्षा बुटकी आणि हलकी असल्याचं त्यांनी दाखवलं. हे आपल्या मातीतलं काम आहे, परदेशातल्या आकड्यांवरून बांधलेला अंदाज नव्हे.

उंचीशिवाय घनतेचं यंत्रही वाचता येत नाही, हे थोडक्यात सांगते. डेक्सा हे यंत्र हाडाची सावली मोजतं, जाडी मोजत नाही. बुटक्या मुलाचं हाड लहान, म्हणून त्याची घनता उगाच कमी दिसते. मुलांत झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या मुलांशी केलेली तुलना, वापरायचा, उंचीचा हिशेब करून. आणि मुलात केवळ घनतेवरून ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

आता घरातलं. मधुमेहाचं निदान झालं की घरात पहिली कुऱ्हाड ताटावर पडते. भात बंद, फळं बंद, दूध बंद. ‘मॅडम, दुधानं शुगर वाढते ना?’ हा प्रश्न मला नळीवर नाव लिहिता लिहिता कितीतरी आयांनी विचारला आहे. वाढते. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात दहा ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट असतं. तेवढ्याचं इन्सुलिन मोजता येतं, डॉक्टरांकडून शिकता येतं. दूध तोडलं तर त्याच पेल्यातलं २४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, तिळात त्याहून कितीतरी जास्त. नाचणीची भाकरी, ताक, तिळाची चटणी, राजगिऱ्याची पालेभाजी हे सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. शुगर चढलेली राहिली की लघवीवाटे साखरेबरोबर कॅल्शियमही जास्त जातं, म्हणून इन्सुलिन वाचवण्यासाठी खाणं तोडणं हा दोन्ही बाजूंनी तोटा आहे. वाढत्या मुलाला पोटभर खाऊ घालावं आणि त्याला पुरेल इतकं इन्सुलिन द्यावं. डोस वाढला की आजार वाढला असं आया समजतात. बाराव्या-तेराव्या वर्षी डोस वाढतो, कारण मूल वाढत असतं.

टाइप वनच्या काही मुलांना सीलिअॅक हा गव्हातल्या ग्लुटेनचा आजारही जडतो. पोट फुगणं, जुलाब, किंवा काहीच नाही. फक्त उंची थांबते आणि हिमोग्लोबिन वाढत नाही. त्याची रक्ततपासणी मात्र जरूर करावी, कारण तो सापडला आणि गहू बंद झाला तर हाड सावरतं. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ खाणाऱ्या मुलखात हे पथ्य पाळणं पंजाबपेक्षा सोपं आहे.

ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे उन्हाचा देश असूनही सर्रास आहे, आणि ती भरून काढायलाच हवी. पण साठ हजार युनिटची पुडी मेडिकलमधून आणून ‘दर रविवारी’ म्हणून महिनोन् महिने देत राहणं धोक्याचं आहे. रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांनी जितके आठवडे सांगितलं तितकेच.

आणि खेळ. जिनिव्हाच्या त्याच चमूनं २०१२ साली पुढचा भाग प्रसिद्ध केला. मधुमेही आणि निरोगी मुलांना नऊ महिने, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास खेळवलं: चेंडूचे खेळ, उड्या, दोरीवरच्या उड्या, जिम्नॅस्टिक. मधुमेही मुलांच्या हाडांनी निरोगी मुलांइतकाच प्रतिसाद दिला, खनिज वाढलं. ज्या हाडाची उलाढाल मंदावली आहे असं रक्त सांगत होतं, ते हाड उडी मारल्यावर जागं झालं. या विषयात इतकी आशा देणारा दुसरा निकाल मला माहीत नाही. आणि आपल्या शाळांत काय होतं? मुलाला शुगर आहे म्हटलं की पीटीच्या तासाला त्याला वर्गात बसवतात. शुगर खाली जाईल ही शिक्षकांची भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे: खेळाआधी शुगर बघणं, खिशात ग्लुकोजची पुडी, मैदानावर एका मोठ्या माणसाला लक्षणं माहीत असणं. लंगडी, खो-खो, कबड्डी, दोरीच्या उड्या, यांतलं एकही या मुलांना वर्ज्य नाही. मुलींना तर आजारपणाच्या नावाखाली आणि लग्नाच्या काळजीनं दोनदा घरात बसवलं जातं. वीस वर्षांखालच्या मुलींचा ३५ टक्क्यांचा आकडा मी मघाशी सांगितला, तो इथे पुन्हा डोळ्यांसमोर आणा.

शेवटचं, फ्रॅक्चरबद्दल. मुलाचं मनगट मोडलं की ते हाडांच्या डॉक्टरांकडे जातं, मधुमेहाची डायरी घरी राहते. पुढच्या तपासणीत मधुमेहाचे डॉक्टर शुगरचे आकडे बघतात आणि प्लास्टर कधीच निघून गेलेलं असतं. दोघांच्याही कागदावर अर्धीच गोष्ट राहते. डायरीत फ्रॅक्चरची तारीख, हाड आणि कसं पडलं हे लिहा. दहा वर्षांच्या आत लांब हाडांची दोन किंवा एकोणीस वर्षांच्या आत तीन फ्रॅक्चर झाली, आणि उंचीच्या हिशेबानं घनताही कमी निघाली, तर तज्ज्ञांकडे जायलाच हवं. मणक्याचं फ्रॅक्चर तर न पडताही होतं आणि मूल एवढंच म्हणतं की पाठ दुखते. ते दप्तरामुळे असेल असं समजून सोडू नका. मधुमेही मुलाची पाठ आठवडा-दोन आठवडे दुखत राहिली, तर बाजूनं घेतलेला पाठीचा एक एक्स-रे काढा आणि तो मुलाच्या उंचीच्या आलेखासोबत डॉक्टरांना दाखवा.